सफरचंदाचे चिप्स: काठ करपतात, मधला भाग वातड राहतो, ते का?

प्रश्न असा आहे: 28 लिटरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) सफरचंदाचे चिप्स केले. कृतीत लिहिलं होतं तसं 110 अंशांवर दोन तास ठेवले. कडेचे करपले, मधले वातड राहिले, आणि जे थोडे कुरकुरीत झाले तेही रात्रीत सादळले. ठाण्यात राहते, मुलीच्या डब्यासाठी करायचे आहेत. तापमान चुकतंय, सफरचंद चुकतंय की ओटीजी?

थोडं थोडं तिन्ही. पण त्याआधीची एक गोष्ट सांगते, कारण ती लक्षात आली की पुढचं बरंचसं तुमचं तुम्हालाच सुचेल. फळं वाळवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि या पदार्थाकडे मी वाळवण म्हणूनच बघते. नानकटाईला उष्णता लागते ती पीठ शिजायला, रंग यायला. सफरचंदाच्या चकतीत शिजवायचं काहीच नाही. तिच्यातलं पाणी बाहेर काढायचंय, बस. कृतीत ‘अमुक अंशांवर दोन तास’ असं लिहिलेलं असतं, पण ते लिहिणाऱ्याच्या ओटीजीचं, तिच्या चकत्यांच्या जाडीचं आणि तिच्या सफरचंदाचं गणित असतं. तुमच्या घरात ते उतरेलच असं नाही.

आकडे घेऊन बघा. ताज्या सफरचंदात साधारण 85 टक्के पाणी असतं. चकती मोडताना कट्कन आवाज यायला हवा असेल तर तिच्यात पाच टक्क्यांच्या आतच पाणी उरायला हवं. म्हणजे 200 ग्रॅम चकत्यांत 170 ग्रॅम पाणी आणि फक्त 30 ग्रॅम बाकीचा माल. तयार चिप्स भरणार 31-32 ग्रॅम. उरलेलं सगळं पाणी वाफ होऊन त्या बंद पेटीतून बाहेर जायला हवं, आणि ओटीजीचं दार तर आपण घट्ट लावून बसलेलो असतो. आत वाफ कोंडते, हवा दमट होते आणि चकत्या वाळण्याऐवजी वाफवल्यासारख्या होतात. तुमच्या मधल्या चकत्या वातड राहिल्या त्याचं पहिलं कारण हे.

म्हणून दार बोटभर उघडं ठेवा. स्प्रिंगचं दार आपोआप मिटत असेल तर वरच्या कोपऱ्यात लाकडी उलथन्याचा दांडा अडकवा. प्लास्टिकचं काही नको. तुमच्या ओटीजीत पंखा असेल (कन्व्हेक्शन म्हणतात ती सोय) तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू राहू द्या. पंख्याने चकतीवरची दमट हवा हलती राहते, वेळ बराच वाचतो.

याच आकड्यांतून एक अप्रिय गोष्टही कळते. बऱ्याच कृतींत तीन-चार सफरचंदं घ्यायला सांगतात. 28 लिटरच्या ओटीजीच्या एका जाळीवर सात सेंटिमीटर व्यासाच्या पंधरा-सोळा चकत्या एका थरात बसतात. दोन जाळ्या लावल्या तर बत्तीसेक चकत्या, म्हणजे साधारण 200 ग्रॅम. एक मोठं सफरचंद आणि वर थोडं. चार सफरचंदांच्या चकत्या तुम्ही एकावर एक चढवून ठेवल्या असतील तर प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. चकत्या एकमेकींवर अजिबात नकोत, काठाला काठ लागला तर चालतं, कारण पंधरा-वीस मिनिटांत त्या आक्रसतात. अर्धगोल काप केले तर जाळीवर थोडे जास्त बसतात.

आता जाडी, कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते. पाणी चकतीच्या मधून पृष्ठभागापर्यंत झिरपत येतं आणि मग उडतं. जाडी दुप्पट केली की लागणारा वेळ दुप्पट होऊन थांबत नाही, तिप्पट-चौपट होतो. सुरीने कापताना एका बाजूला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला चार मिलिमीटर झालं, तर एकाच चकतीची एक कड करपते तेव्हा दुसरी अजून ओली असते. ओटीजीला दोष देण्याआधी एक चकती आडवी धरून बघा. मला दोन मिलिमीटरच्या आसपासची जाडी आवडते, साधारण दहा रुपयांच्या नाण्याइतकी. दीडच्या खाली गेलात तर चकती जाळीला चिकटते आणि काढताना तुटते, तीनच्या वर गेलात तर बाहेरून कडक आणि आतून वातड.

हाताने इतकं एकसारखं कापणं कुणालाच जमत नाही. बटाट्याचे वेफर्स पाडायची किसणी घरात असेलच, तीच वापरा. फक्त त्यातल्या काही किसण्या फार पातळ पाडतात, पात्याची उंची बदलता येत असेल तर एक घर वाढवा. शेवटचा तुकडा हातात धरून पाडू नका, पातं बोट ओळखत नाही. तो तुकडा खाऊन टाका. सफरचंद देठ वर धरून आडवं कापलं की मधोमध चांदणी दिसते, मुलांना ती फार आवडते. बिया मात्र काढा, त्या कडू लागतात आणि भाजल्यावर दाताखाली येतात. मधला गाभा काढायचाच असेल तर पेढ्याएवढ्या गोल साच्याने काढा, पण मी काढत नाही. चांदणीचे पापुद्रे वाळल्यावर छान कुरकुरतात.

सफरचंद कोणतं घ्यायचं? बाजारात लाल डेलिशियस सगळ्यात जास्त दिसतं. हिमाचलातल्या कोटगडला 1916 च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने त्याची रोपं आणून लावली आणि तिथून ते पहाडभर पसरलं. नव्या हंगामातलं, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरमधलं डेलिशियस करकरीत असतं, त्याचे चिप्स चांगले होतात. तेच फळ शीतगृहात राहून मार्च-एप्रिलमध्ये आपल्या हातात येतं तेव्हा बरेचदा पिठूळ झालेलं असतं. पिठूळ सफरचंदात पेशी एकमेकींपासून सुटलेल्या असतात. चकती किसणीवरच भुगा होते, आणि टिकलीच तर वाळल्यावर पुठ्ठ्यासारखी लागते. घेताना नखाने टिचकी मारा, टणक आवाज आला पाहिजे. दाबून बोट आत जात असेल तर ते फळ मोरंब्याला किंवा शिऱ्यात घाला.

माझी पहिली पसंती हिरव्या ग्रॅनी स्मिथला. महाग पडतं, पण टणक असतं, आंबट असतं, आणि वाळल्यावर चव एकवटते तेव्हा आंबटपणा फार कामाला येतो. नुसतं गोड सफरचंद वाळवलं की चिप्स गोडमिट्ट होतात आणि दोन खाल्ल्यावर पुरे वाटतं. गाला आणि फुजीही चांगली. फुजीत कधी कधी गाभ्याजवळ पाणीदार, काचेसारखा पट्टा असतो. खायला तो मधाळ, पण वाळताना तेवढाच भाग चिकट राहतो. काश्मीरचं महाराजी मिळालं तर सोडू नका, ते आंबट असतं.

साल ठेवायची की काढायची, यावर लोक उगाच भांडतात. ठेवा. सालीमुळे चकतीचा आकार टिकतो आणि सफरचंदातल्या चोथ्याचा चांगला भाग तिथेच असतो. अपवाद शीतगृहातल्या जुन्या डेलिशियसचा. त्याची साल वाळून दोरीसारखी होते आणि दातात अडकते, ती काढावी. चकचकीत फळांवर मेणाचा थर असतो. खाण्याजोगं नैसर्गिक मेण लावायला परवानगी आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण कोमट पाण्यात धरून कापडाने चोळून घ्या.

कापल्यावर लिंबाच्या पाण्यात घालायचं का? रंगासाठी घालावं. कापलेल्या फळातलं एक विकर (एन्झाइम) हवेशी जुळून तपकिरी रंग तयार करतं आणि लिंबाचा आंबटपणा त्याला रोखतो. एक लिटर पाण्यात दोन लिंबांचा रस, चकत्या पाचेक मिनिटं, बस. जास्त वेळ ठेवल्या तर त्या पाणी पितात, आणि जे पाणी आपण काढायला बसलो आहोत तेच वाढवून ठेवतो. लिंबू नसेल तर लिटरला अर्धा चमचा मीठही चालतं. मग सुती पंचावर पसरून दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. हे टिपणं टाळू नका, त्याने दहा-पंधरा मिनिटं तरी वाचतात. आणि एक लक्षात ठेवा, लिंबू थांबवतं ते कापल्यानंतरचं काळं पडणं. ओटीजीत करपून जो तपकिरी रंग येतो त्याला लिंबू काही करत नाही.

त्या करपण्याकडे येऊ. चकतीत पाणी आहे तोवर ती स्वतःला गार ठेवते. आजूबाजूची हवा 120 अंश असली तरी उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं आणि चकती शंभराच्या खालीच राहते. पाणी संपत आलं की हा आधार जातो आणि चकतीचं तापमान हवेइतकं चढायला लागतं. सफरचंदातल्या साखरेत फ्रुक्टोज सर्वांत जास्त, आणि फ्रुक्टोज 110 अंशांच्या आसपासच तांबूस होऊन कडवटपणाकडे झुकतं. काठ पातळ असतात, आधी वाळतात, म्हणून आधी करपतात. आता तुमच्या ओटीजीची बटणं बघा. नॉब 110 वर असला तरी आतलं तापमान तिथे स्थिर नसतं. रॉड पेटतो, बंद होतो, पुन्हा पेटतो, आणि या खेळात हवा पंधरा-वीस अंश खाली-वर होत राहते. म्हणजे तुमच्या चकत्यांनी मधूनमधून 125-130 सोसलं असणार.

उपाय दोन. पहिला, ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. काही शे रुपयांना मिळतो, आणि केकसाठीही आयुष्यभर उपयोगी पडतो. तो मधल्या जाळीवर टांगा आणि नॉबवर काय लिहिलंय ते विसरा. दुसरा, वाळवण दोन टप्प्यांत करा. चकत्या ओल्या असताना पहिली वीस-पंचवीस मिनिटं 120 अंश, दार बोटभर उघडं. या वेळात भराभर वाफ निघते आणि करपायची भीती नसते. चकत्यांची चमक गेली, काठ जरा वळायला लागले की तापमान 90 ते 95 वर आणा आणि तिथेच राहू द्या. काही ओटीजींचा नॉब शंभराच्या खाली जातच नाही. तसं असेल तर शंभरवर ठेवा आणि दार आणखी थोडं उघडा.

कडेचे करपण्याचं आणखी एक कारण म्हणजे खालच्या रॉडची थेट धग. ओटीजीबरोबर आलेला पातळ ट्रे असतो ना, तो अगदी खालच्या खणात रिकामा सरकवून ठेवा. धग त्याच्यावर अडते आणि वर हवा तेवढी गरम होते. चकत्या मात्र ट्रेमध्ये नकोत, जाळीवर हव्यात, दोन्ही बाजूंनी हवा लागायला हवी. ओटीजीची स्वतःची जाळी विरळ असते, चकत्या मधून लोंबतात. केक गार करायची बारीक जाळी तिच्यावर ठेवा, किंवा पुऱ्या निथळायची. फॉइल तर अजिबात नको, साखर त्याला अशी धरते की सोडवताना चिप्सचा चुरा हातात येतो. बटर पेपर नाइलाजाने चालेल, पण मग अर्ध्या वेळात चकत्या उलटाव्याच लागतात. जाळीवरही एकदा उलटलेल्या बऱ्या. चकत्या लवचीक चामड्यासारख्या झाल्या की ती वेळ. त्याच वेळी वरची जाळी खाली, खालची वर, आणि पुढचा भाग मागे.

या पद्धतीने पंखा असलेल्या ओटीजीत दोन मिलिमीटरच्या चकत्यांना दीड-दोन तास लागतात, पंखा नसेल तर दोन-अडीच. हा अंदाज आहे. झाले कधी हे ओळखायच्या खात्रीच्या खुणा वेगळ्या आहेत.

चिप्स ओटीजीत असताना कुरकुरीत झालेत का ते कळूच शकत नाही. लोक दार उघडून चकती दाबून बघतात, ती वाकते, मग आणखी अर्धा तास ठेवतात आणि करपवतात. शेंगदाण्याची चिक्की आठवा. पाक गरम असताना वळवावा तसा वळतो, गार झाला की कट्कन तुटतो. चकतीत पाणी गेल्यावर उरते ती मुख्यतः साखर, आणि ती त्याच नियमाने चालते. म्हणून सव्वा तासानंतर दर दहा मिनिटांनी एक चकती बाहेर काढा, थाळीवर दोन-तीन मिनिटं गार होऊ द्या आणि मोडा. तुटली तर झाले. वाकून मग तुटली तर आणखी दहा मिनिटं. नुसतीच वाकली तर वीस. मधली, जाड दिसणारी चकती तपासायला घ्या, काठाची घेऊन स्वतःला फसवू नका.

दुसरी खूण वजनकाट्याची, आणि माझा भरवसा हिच्यावर जास्त. टिपून घेतल्यावर चकत्यांचं वजन करा, जाळीवर मांडण्याआधी. समजा 200 ग्रॅम भरलं. त्याला सहाने भागा, 33 आलं. वजन त्याच्या आसपास आलं की तुम्ही शेवटच्या टप्प्यात आहात, थोडं खाली गेलं की झालं. आंबट, पाणीदार सफरचंदात हा आकडा जरा खाली येतो, गोड फळात जरा वर, पण फरक दोन-चार ग्रॅमचाच. 45 ग्रॅम भरत असेल तर रंग कितीही सोनेरी दिसो, आत पाणी आहे आणि ते चिप्स सादळणारच. रंगावर जाऊ नका. हिरव्या सफरचंदाचे उत्तम चिप्स जवळजवळ पांढरट असतात.

झाले की रॉड बंद करा आणि दार तसंच बोटभर उघडं ठेवून चिप्स आतच दहा मिनिटं राहू द्या. मग बाहेर काढून जाळीवर गार करा, पण तासन् तास नको. ठाण्याचा प्रश्न इथे सुरू होतो.

पावसाळ्यात चिप्स होत नाहीत असं बऱ्याच जणी म्हणतात. वाळायला काही अडचण नसते. 28 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा ओटीजीत 95 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता चार टक्क्यांच्या जवळपास येते. जुलैतही ती हवा चकतीच्या दृष्टीने कोरडीठाकच असते. घात होतो तो बाहेर काढल्यानंतर. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेण्यात पटाईत, आणि चकत्या पातळ, दोन्ही बाजूंनी उघड्या. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत उघड्या ताटलीतले चिप्स अर्ध्या-पाऊण तासातच वाकायला लागतात. म्हणून हाताला कोमट लागेनासे झाले की लगेच काचेच्या बरणीत, घट्ट फिरकीच्या झाकणाखाली. गरम असताना भरले तर त्यांचीच वाफ आत धरते, तेही नको. बरणी आधी उन्हात किंवा त्याच ओटीजीत कोरडी करून घ्या. खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी टाकली तर फार फरक पडतो. तांदळाची पुरचुंडी टाकायला सांगतात, तिचा उपयोग जेमतेम.

एक मोठी बरणी भरून ठेवण्यापेक्षा छोट्या तीन बऱ्या. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की नवी दमट हवा आत जाते. हिवाळ्यात नीट वाळवलेले चिप्स अशा बरणीत दोन-तीन आठवडे चांगले राहतात, पावसाळ्यात आठवड्याच्या आत संपवा. सादळले तर टाकू नका, 95 अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवून गार केले की पुन्हा तुटायला लागतात. रात्रीत सादळलेले तुमचे चिप्स मात्र बहुधा नुसते सादळलेले नव्हते, मुळात अर्धवट वाळलेले होते. काठाचं पाणी आधी जातं म्हणून चिप्स कुरकुरीत भासतात, आणि डब्यात ठेवल्यावर मधलं पाणी सगळीकडे पसरतं. बाहेरून एक थेंब आत आला नाही तरी सकाळी सगळे मऊ.

मसाल्याचं थोडक्यात. दालचिनी वाळवण्याआधी भुरभुरावी, ओल्या चकतीला ती धरते. बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया असते आणि ती तिखट असते, म्हणून चिमूटभरच. साखर वरून घालू नका. ती चकतीतून पाणी ओढते, पाक होतो, चिप्स चिकटतात, आणि वाळल्यावर फळाचीच गोडी जवळजवळ सहापट एकवटलेली असते, वर साखर कशाला? चाट मसाला, काळं मीठ, तिखट हे सगळं खायच्या वेळी. मीठही ओलावा धरतं, ते बरणीत नको. ग्रॅनी स्मिथच्या चिप्सवर काळं मीठ आणि जिऱ्याची पूड एकदा घालून बघा, दालचिनी विसराल.

केक सजवायला काचेसारख्या पारदर्शक चकत्या हव्या असतील तर साखर-पाणी समप्रमाणात उकळून, त्यात लिंबाचे थेंब टाकून, चकत्या मिनिटभर बुडवून निथळायच्या आणि सिलिकॉनच्या चटईवर 90 अंशांवर वाळवायच्या. दिसायला सुंदर. डब्यासाठी नव्हे.

तुम्ही पाकिटातल्या चिप्सशी तुलना करत असाल म्हणून सांगते. दुकानातले फळांचे फुगीर, हलके चिप्स बरेचदा निर्वात कढईत तळलेले असतात. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे फळ न करपता तळून निघतं आणि फुगतं, पण तेल लागतंच. पाकिटामागे घटकांत तेल लिहिलेलं असतं, वाचून बघा. स्पंजासारखे, तोंडात विरघळणारे असतात ते गोठवून वाळवलेले, त्यांत बर्फाची थेट वाफ केलेली असते. घरच्या ओटीजीत यांतलं काहीच होत नाही. घरचे चिप्स पातळ, कडक आणि सपाट होणार. तसेच ते चांगले असतात.

ओटीजीऐवजी मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड वापरता येतो, पंखा असल्यामुळे चालतो बरा. पण बऱ्याच मॉडेलांत 40 अंशांनंतर थेट 100 किंवा 110 अंश येतात, आणि दार उघडं ठेवता येत नाही. मग दर पंधरा मिनिटांनी दार उघडून वाफ घालवायची. नुसत्या मायक्रोवेव्हवर करू नका, मधोमध जळका ठिपका आणि काठ ओले अशी उलटी तऱ्हा होते. एअर फ्रायर वेगवान आहे, पण वाळलेल्या चकत्या हलक्या होऊन उडतात आणि वरच्या कॉइलला चिकटून जळतात. वरून एक स्टीलची जाळी दाबून ठेवा, 90 अंशांच्या आसपास चालवा, आणि टोपलीत मावतात तेवढ्याच घाला, म्हणजे फार थोड्या.

उन्हात? काश्मिरात हिवाळ्याच्या बेगमीला सफरचंदाच्या फोडी दोऱ्यात ओवून वाळवायची जुनी रीत आहे. पण त्या वातडच असतात, भिजवून शिजवायच्या. आपली आंबोशी त्याच जातीची. उन्हाने टिकाऊ वाळवण होतं, कुरकुरीत चिप्स होत नाहीत. विदर्भातल्या मे महिन्यात कुणी जमवलं तर जमवलं, ठाण्याच्या गच्चीवर नाही.

विजेचं गणित कुणी विचारत नाही, मीच सांगते. 170 ग्रॅम पाण्याची वाफ करायला खरं तर 0.1 युनिटच पुरतं. पण ओटीजीची पेटी तापवण्यात आणि उघड्या दारातून इतकं वाया जातं की एका घाण्याला एखादं युनिट सहज लागतं. म्हणून दोन जाळ्या भरूनच लावा, आणि केक काढल्यावर ओटीजी गरम असेल तेव्हाच लावलं तर उत्तम.

राहिला मुलीचा डबा. 30 ग्रॅम चिप्समध्ये एका मोठ्या सफरचंदाची सगळी साखर असते, आणि चिप्स खाताना पोट भरल्याचं कळत नाही. एका सफरचंदापुरते द्या. मुलगी फार लहान, तीन-चार वर्षांची असेल तर कडक तुकडे घशात अडकू शकतात, तेव्हा थांबा. घरात कुणाला मधुमेह असेल तर ‘बेक केलेले आहेत’ म्हणून सूट मिळत नाही, ताजं सफरचंद बरं. डबा प्लास्टिकचा साधा असेल तर दुपारच्या सुट्टीपर्यंत चिप्स वाकणार. छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत, एकटेच द्या. पोळी-भाजीच्या डब्यात एका कप्प्यात दिले तर गरम पोळीची वाफ त्यांना दहा वाजेपर्यंतच सादळवते.